नोगाचं वाकडं शिंग

माझ्या नवऱ्याला, तहनला, परमेश्वराची आठवण व्हायला आधी खड्ड्यात पडावं लागतं. हे मी रागाने बोलत नाही, जसं घडलं तसं सांगते. आमच्या जवाच्या शेतापलीकडे पाणी आटलेलं एक जुनं टाकं आहे. चुकलेलं करडू शोधताना तहन त्यात वाकून बघायला गेला आणि सरळ आत. हाडं शाबूत राहिली, पण चिखल गुडघ्याच्या वर आणि भिंती अशा गुळगुळीत की पालही घसरावी. त्याने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. परमेश्वराचा मंडप आहे त्या शिलोच्या वाटेने एक कुंभार गाढवावर मडकी लादून चालला होता, त्याला जमिनीखालून आवाज आला.

"परमेश्वरा, मला वर काढ! आमचा पोसलेला गोऱ्हा तुझ्या दारी आणीन! आभाराचा यज्ञ करीन!"

कुंभाराने दोर टाकून त्याला वर काढलं. भला माणूस, पण गाढवापेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. तहन चिखल खरवडत घरी पोचायच्या आत विहिरीवरच्या बायका मला विचारत होत्या, "काय गं मिल्का, गोऱ्हा कधी नेताय?"

दुसरी बाई आनंदली असती. नवरा जिवंत परतला, घरचा गोऱ्हा यज्ञाला जाणार, मांस, भाकऱ्या, गाणी. मी मात्र उंबऱ्यात मटकन खाली बसले. आभाराच्या यज्ञाचा नियम आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात. ज्या दिवशी जनावर कापलं त्याच दिवशी त्याचं मांस संपलं पाहिजे. सकाळपर्यंत तुकडा उरला तर पाप. म्हणून तर असा यज्ञ असला की माणूस भाऊबंद, शेजारीपाजारी, वाटसरू, दिसेल त्याला हाक मारतो. आणि आमच्या घरी जेवायला येईल असं माणूस गावात एकही उरलं नव्हतं.

तेही एका शेळीपायी.

तहनचा थोरला भाऊ बेरेद आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. अंगण एक, भट्टी एक. त्याची बायको तिरसा आणि मी लग्न होऊन आल्यापासून त्या भट्टीवर भाकऱ्या भाजत आलो. माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आणि तिच्या पोटातलं मला. तर झालं असं, की नांगरणीच्या वेळी तहनने भावाकडे बैल मागितला आणि बेरेद म्हणाला, आधी माझं शेत होऊ दे. एवढीशी गोष्ट, पण ती आमच्या माणसाच्या मनात सलत राहिली. पुढे एके सकाळी बेरेदची नोगा नावाची शेळी गोठ्यांमधल्या पडक्या भिंतीवरून उडी मारून आमच्याकडे आली. काळी कुळकुळीत, भांडंभर दूध देणारी, पोटात करडं असलेली. एक शिंग सरळ, दुसरं कानाकडे वळलेलं. भावाचं चुकलेलं जनावर दिसलं की ते त्याच्या दारात नेऊन बांधायचं, ही देवाची आज्ञा आहे. तहनने तिला नेऊन बांधलं तर नाहीच, वर करवत आणून तिचं वाकडं शिंग कापलं.

"अहो, हे काय करताय?" मी ओरडले.

"बैल देत नाही ना तो? मग!"

"मग काय? शेळीला जुंपणार आहात का नांगराला?"

बेरेद वेशीत वडीलधाऱ्यांपुढे गेला. त्यांनी तहनला बोलावलं. आणि माझ्या नवऱ्याने सगळ्यांदेखत हात वर केला. "परमेश्वराच्या जीविताची शपथ, वाकड्या शिंगाची शेळी माझ्या गोठ्यात नाही." शिंग कापलेलं, म्हणजे आपण खोटं बोललो नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. परमेश्वर काय आंधळा आहे?

शपथ झाली की आमच्याकडे तंटा संपतो. सगळ्यांत म्हातारा जोगली, त्याने दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "याने देवाचं नाव घेतलंय. आता हा जाणे आणि देव जाणे." पण खरं काय ते अख्ख्या गावाला कळलं होतं. रोज संध्याकाळी तिरसा आपल्या शेळ्यांना हाक मारायची आणि आमच्या गोठ्यातून नोगा तिला ओ द्यायची, समोरच्या टेकडीवर ऐकू जाईल इतक्या जोरात. माझी साक्ष कशाला हवी होती? शेळीच देत होती. मी एवढंच केलं, तिच्या सडाला हात लावला नाही. "तुम्ही आणलीत, तुम्हीच धार काढा," म्हटलं. तहनला धार काढता येत नाही. नोगा त्याला लाथ मारायची, दूध सांडायचं, तो शिव्या द्यायचा आणि मी भिंतीला टेकून बघत राहायचे. तेवढीच काय ती करमणूक.

कारण बाकी घरात मजा उरली नव्हती. तिरसा पहाटेच भाकऱ्या भाजून जायची, मी जाईपर्यंत भट्टीत नुसती ऊब असायची. गावात कोणी भांडलं नाही. लोकांनी फक्त आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं.

तरी गोऱ्हा बोलून झाला होता. तहन नवी पगडी बांधून दारोदार निमंत्रण द्यायला निघाला. आता अशुद्ध माणसाने यज्ञाचं मांस खायचं नसतं, आणि मेलेल्या उंदराला नाहीतर पालीला हात लागला तरी माणूस संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो. गावकऱ्यांना हा नियम एकदम आठवला.

"आलो असतो रे तहन," पहिल्या घरचा म्हणाला, "पण मेलेल्या उंदराला हात लागला बघ."

"अहो, यज्ञ परवा आहे."

"परवाही लागेल. उंदीर फार झालेत घरात."

दुसऱ्या घरी बाईने छताकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे पाल आहे."

"ती तर जिवंत आहे, वहिनी!"

"आहे, पण तब्येत बरी दिसत नाही तिची."

जोगलीने तर त्याला बसवून घेतलं, पाठीवर हात फिरवला. "बाळ तहन, तू निमंत्रण द्यायला निघाल्यापासून गावातल्या पाली पटापट मरायला लागल्यात. घरी जा. उरल्यासुरल्या तरी जगू देत."

घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि मला हसू आवरेना. तो डोकं धरून बसला होता.

"हसतेस काय! कुंभार येतो म्हणालाय."

"मग झालं की! मागचे पाय कुंभाराला, पुढचे तुम्हाला, शेपटी मी चावत बसते."

शेवटी तो म्हणाला, शिलोला जाऊन याजकालाच विचारू, काही वाट निघते का. त्याच दुपारी मीही निघाले. नवऱ्याला एकट्याला पाठवलं तर तो आणखी एखादा बैल बोलून यायचा.

शिलोचा तो याजक गोल चेहऱ्याचा, हसऱ्या डोळ्यांचा. मंडपासमोर सावलीत बसून तो सुरीला धार लावत होता. तहनने विषय मोठ्या खुबीने काढला. "महाराज, नवसाचं मांस दुसऱ्या दिवशीही खाल्लेलं चालतं ना?"

"नवसाचं चालतं. आभाराचं चालत नाही. तू काय बोलला होतास?"

"मी... टाक्यात होतो महाराज, शब्द नीट आठवत नाहीत..."

"आभाराचा म्हणाला!" मागून आवाज आला. बघतो तर आमचा कुंभार, कुंपणाला टेकून मडकी मांडून बसलेला. "मी स्वतः ऐकलंय! दोनदा म्हणाला!"

याजक पोट धरून हसला. मग त्याने सुरी खाली ठेवली. "तहन, गोऱ्हा म्हणजे गावजेवण. तुझ्याकडे किती माणसं आहेत?"

"मी आणि ही."

"भाऊ नाही तुला?"

तहन पगडी सारखी करायला लागला. कुंभार एकदम मडकी पुसायला लागला, यावरून त्याने तेही आधीच सांगून टाकलं होतं हे मी ओळखलं.

"हे बघ," याजक हळू आवाजात म्हणाला, "परवा तुला माझ्यासमोर गोऱ्ह्याच्या डोक्यावर हात ठेवावा लागेल. वेशीत वर केलास तोच हात ना हा?"

तहनने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. सगळं सांगितलं त्याने. शेळी, करवत, शपथ. याजकाने ऐकून घेतलं. म्हणाला, घेतलं ते परत कर, वर त्याचा पाचवा हिस्सा घाल, आणि दोषाबद्दल एक मेंढा आण. "मेंढा धडधाकट बघ हं. तो आम्ही याजकच खातो, म्हणून आपलं सांगतो."

परतताना तो झपाझप चालत होता. ऑलिव्हच्या बागा संपल्यावर म्हणाला, "मिल्का, टाक्यात मला मरणाची भीती नव्हती वाटली."

"मग अख्खा गोऱ्हा कशाला बोललात?"

"मी मेलो तर दादा रडेल का, हे मला सांगता येईना. त्याची भीती वाटली."

मी त्याचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

सकाळी, लोक दारात बसलेले असताना, तहन नोगाला घेऊन निघाला. सोबत आमच्या गोठ्यात जन्मलेली तिची दोन्ही करडं आणि आमच्या कळपातली एक तरणी शेळी. मागून मी, आणि माझ्या मागून बघे. वाट म्हणजे आमच्या दारातून त्यांच्या दारापर्यंत, पण मुद्दाम वेशीला वळसा घालून गेला तो. शपथ जिथे घेतली तिथून. नोगाला एवढा धीर कुठला? तिने दोरी हिसकली आणि ओरडत धूम ठोकली. आम्ही पोचलो तेव्हा ती तिरसाच्या पदरात तोंड खुपसून उभी होती, आणि तिरसा तिच्या कापलेल्या शिंगावरून हात फिरवत होती.

बेरेद बाहेर आला. उंच, रुंद, तहनपेक्षा दीडपट माणूस.

"दादा," तहन म्हणाला, "ही तुझी शेळी. मी चोरली. शिंग मी कापलं. आणि देवाचं नाव घेऊन मी खोटं बोललो, वेशीत, सगळ्यांसमोर. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

बेरेद हाताची घडी घालून उभा. "बरं. आणि पाचवा हिस्सा?"

"करडं तर तिचीच, म्हणजे तुझीच. पाचवा हिस्सा म्हणून ही."

"ही अख्खी शेळी आहे."

"पाचवा हिस्सा कापून आणू का? मागचा पाय आणू? दूध कशाने देईल मग?"

कोणीतरी फसकन हसलं. बेरेदचा चेहरा तसाच. "आणि शिंग?"

तहनने कमरेच्या शेल्यातून शिंग काढलं. माझे डोळेच विस्फारले. तेलाच्या बुधल्यामागे लपवून ठेवलं होतं म्हणे, इतके दिवस. टाकून द्यायचं धाडस झालं नव्हतं. बेरेदने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. आणि मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"गाढवा," तो म्हणाला, "शेळी लपवायची, तर शिंग कशाला कापलंस? तोंड बांधायचं होतंस तिचं!"

आणि हसला तो. असा हसला की भिंतीवरची कबुतरं उडाली. तहनला काय करावं कळेना. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. तेवढ्यात तिरसा म्हणाली, "हसताय काय नुसते? सांगा की भावोजींना त्या दिवसाचं."

"काय सांगायचंय त्यात."

"तुम्ही नाही सांगत तर मी सांगते. भावोजी, टाक्यातून तुमची हाक आली ना, तेव्हा हे विहिरीचा दोर उपसून, पायात वहाणा न घालता पळाले. पोचले तर कुंभाराने तुम्हाला वर काढलेलं. झाडामागून तुम्ही चालताय एवढं बघितलं आणि मागे फिरले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडत बसले. मी विचारलं तर म्हणतात, डोळ्यात कुसळ गेलं."

"गेलंच होतं," बेरेद म्हणाला. "सुगीचे दिवस आहेत."

तहनने पुढे होऊन भावाच्या गळ्यात हात टाकले. पगडी पडली, नोगाने ती चाखून बघितली, कोणी तिला हटकलं नाही.

"बैल द्यायला हवा होता मी तुला," बेरेद त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून पुटपुटला.

"जाऊ दे रे. तुझं शेत आधी व्हायलाच हवं होतं."

"नाही, माझंच चुकलं."

"नाही दादा, माझं."

"आता यावरून भांडू नका," मी म्हटलं, "गोऱ्हा कोण खाणार ते बोला!"

बेरेदने शिंगाचं टोक दगडावर फोडलं, फुंकून आतली धूळ काढली आणि वेशीत जाऊन ते वाजवलं. त्यातून जो सूर निघाला तो नोगाच्या ओरडण्याहून काही फार वेगळा नव्हता. पण लोक जमले. "उद्या माझ्या भावाचा गोऱ्हा आहे शिलोला," तो गर्जला. "कोणाच्या घरी पाल मेलीय?"

कोणाच्याच नव्हती. जोगली पुढे झाला आणि गंभीरपणे म्हणाला, "सगळ्या पालींच्या आजाराला उतार आहे. देवाची कृपा."

त्या दुपारी तिरसा पिठाची परात घेऊन अंगणात आली आणि माझ्या शेजारी बसली. एका गोऱ्ह्याला साजेशा बेखमीर पोळ्या, तेल माखलेल्या चपट्या, खमिराच्या भाकऱ्या. एकटीचं काम नव्हेच ते. मी थापायची, ती भट्टीच्या भिंतीला चिकटवायची, नेहमीसारखं. मग ती म्हणाली, "तुझ्या पिठात मीठ कमी असतं गं मिल्का, अजूनही."

"तू नव्हतीस ना सांगायला," मी म्हटलं. आणि मग जे आम्ही दोघी रडलो, हसलो आणि बोलत सुटलो, की एक खेप जळून कोळसा झाली. ती आम्ही कुत्र्यांना घातली. माझं काळीज त्या दिवसाइतकं हलकं कधी झालं नव्हतं.

शिलोला आम्ही निघालो तेव्हा पोरं पुढे, ढोलकी वाजवणाऱ्या मुली मध्ये, आणि मागे तहन मेंढा आणि गोऱ्हा दोन्ही सांभाळत. आधी मेंढा झाला. तेव्हा तहन खाली मान घालून उभा होता. मग गोऱ्हा आणला. याजकाने मान डोलावली. तहनने हात उचलला, क्षणभर थांबला, बेरेदकडे बघितलं. बेरेद म्हणाला, "ठेव रे." आणि त्याने हात ठेवला, पूर्ण भार देऊन.

मग जेवण. परमेश्वरासमोर आनंद करा असं आम्हाला सांगितलेलंच आहे, त्या दिवशी कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही. कुंभार दोन माणसांचं जेवला, आणि टाक्याची गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितली की शेवटी टाकं डोंगराएवढं खोल झालं. जिला पालीची काळजी होती त्या बाईने तिसऱ्यांदा मांस घेतलं. मुली नाचल्या. जोगलीही नाचला, काठी फेकून, आणि मग ती काठी शोधायला सगळ्यांना कामाला लावलं त्याने.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा पातेल्याच्या तळाशी एक मोठा तुकडा उरला होता. सगळे गवतावर आडवे. कोणाच्या पोटात तिळभर जागा नव्हती.

"उरला तर पाप," तहन कण्हत म्हणाला.

"गेले कितीतरी महिने तुला त्याची फिकीर नव्हती," बेरेद म्हणाला, पण उठून बसला. त्याने तुकडा फाडून मोठा अर्धा भावाच्या तोंडापुढे धरला. "खा."

"तू मोठा घे, दादा."

"खातोस की टाक्यात टाकू परत?"

दोघांनी खाल्ला, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा. पातेलं पालथं करून दाखवलं तेव्हा याजकाने टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताना उठले, आणि गोठ्यात बघते तर नोगा. गोठ्यांमधली ती पडकी भिंत कोणी बांधली नव्हती. तिने उडी मारली होती आणि आमच्या गव्हाणीतला पाला खात निवांत उभी होती. माझ्या पाठोपाठ तहन आला. तिला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी बाजूला सरले. मला बघायचं होतं.

पुढच्या क्षणी हा माणूस कमरेचा पट्टाही न बांधता, एका हाताने अंगरखा सावरत, गल्लीत धावत सुटला. "दादा! ए दादा! तुझी शेळी! तुझी शेळी माझ्याकडे आलीय! ऐका हो, बेरेदची शेळी माझ्या गोठ्यात आहे!" दारं उघडली. कुत्री भुंकायला लागली. जोगली म्हणाला, "कोण मेलं?" तहन थेट वेशीपर्यंत ओरडत गेला आणि ओरडतच परत आला.

पडक्या भिंतीवरून बेरेदचं झोपाळलेलं डोकं वर आलं. "अरे गाढवा, अख्खं गाव उठवलंस! आलीय तर राहू दे घटकाभर. धार काढा तिची, आणि निम्मं दूध इकडे द्या."

तहन माझ्याकडे बघायला लागला, धापा टाकत. मी भांडं घेतलं, नोगापाशी बसले आणि पहिल्यांदा तिच्या सडाला हात लावला. तिने लाथ मारली नाही. दुधाची धार भांड्यात वाजायला लागली आणि भिंतीपलीकडून तिरसा ओरडली, "मिल्का, भट्टी पेटवलीय गं, ये लवकर!"